मीटिंगच्या नोंदीतली दुरुस्ती

"तुमच्या लोकांचं बरं असतं गं. कुठेही फेकलं तरी उगवता. आणि इथे कसल्या सवलती नाहीत, तरी चार वर्षं टिकलीस, हे काय कमी आहे?"

मकरंददादा हसत म्हणाले. मराठीत. लंडनमधल्या क्रॉयडनच्या ऑफिसात, चौथ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये. माझी नोकरी गेली हे सांगून दोन मिनिटंही झाली नव्हती.

शेजारी एचआरची क्लेअर लॅपटॉपवर नोंदी घेत होती. टायपिंग थांबवून तिनं विचारलं, काय म्हणालात?

"आय सेड शी इज व्हेरी रेझिलियंट," दादा म्हणाले. म्हणजे मी फार खंबीर आहे, खचणार नाही.

"हाउ लव्हली," क्लेअर म्हणाली.

आणि मी म्हणाले, "थँक यू."

ते दोन शब्द माझ्याच तोंडून गेले. कुणी जबरदस्ती केली नव्हती.

मकरंददादा माझे मॅनेजर. पुण्याचे. ऑफिसातले आम्ही सगळे मराठी लोक त्यांना दादाच म्हणायचो. मी नागपूरची, सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून लिहून ठेवायच्या, हा माझा धंदा.

या देशात माणसाला काढत नाहीत. त्याचं पद 'धोक्यात' येतं. मग सल्लामसलत होते. म्हणजे आधीच ठरलेली गोष्ट तीन बैठकांत, पाण्याच्या बाटल्या मांडून, तुम्हाला विचारतात. राजाचा देश आहे. गळा कापायचाही शिष्टाचार असतो.

आम्ही सहा टेस्टर. एक कमी करायचा होता. त्यासाठी गुण दिले गेले. दिले दादांनी. कामाची अचूकता, पाचपैकी पाच. लवचीकपणा, पाचपैकी दोन. शेरा: ऐन रिलीजच्या आठवड्यात वैयक्तिक रजा. ती रजा चौदा एप्रिलची होती. दरवर्षी घेते, जानेवारीतच सांगून ठेवते. दादा दिवाळीत चार दिवस नसायचे. ती मात्र सांस्कृतिक विविधता. तिचा फोटो कंपनीच्या न्यूजलेटरात आला होता, फराळाच्या ताटासकट.

त्या दिवशी मला काही वाटलं नाही. खरंच नाही. ट्रॅममध्ये बसले. आपला स्टॉप आला, दार उघडलं, बंद झालं. मी बघत राहिले. पुढच्या स्टॉपला उतरून चालत घरी आले. कुकर लावला. प्रशांतला, माझ्या नवऱ्याला, म्हटलं, "गेली नोकरी." तो म्हणाला, "बरं." मग आम्ही जेवलो. तो इथे माझ्या व्हिसावर आलाय. सिव्हिल इंजिनियर आहे, सुपरमार्केटात शेल्फ भरतो. नोटिस पीरियड संपला की व्हिसाच्या खात्याचं पत्र येणार आणि त्यानंतर साठ दिवस. तेवढ्यात व्हिसा देणारी दुसरी कंपनी मिळाली नाही तर दोघंही परत.

कंपनीनं करिअर कोच दिला होता. दोन ऑनलाइन सत्रं. तो म्हणाला, नोकरी जाणं ही एक भेट समजा. मी विचारलं, परत करता येते का? तो हसला नाही. आरशासमोर उभं राहून स्वतःचे पाच गुण मोठ्यानं म्हणायला सांगितले. मी दोनवर थांबले. गीझर चालू राहिल्याचं आठवलं, तो बंद करायला गेले.

सोमवारी क्लेअरचा मेल आला. मीटिंगच्या नोंदी जोडल्या होत्या. वाचून सही करा, काही दुरुस्ती असेल तर शुक्रवारपर्यंत कळवा. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: मॅनेजरनी कर्मचाऱ्याला तिच्या मातृभाषेत धीर दिला. कर्मचाऱ्यानं त्यांचे आभार मानले.

मी ती ओळ चार वेळा वाचली.

त्याच दुपारी दादांचा व्हॉट्सॲप आला. लंडनच्याच दुसऱ्या टोकाला, इल्फर्डच्या एका कंपनीत त्यांचा जुना मित्र आहे, कंपनी व्हिसा देते. 'मी शब्द टाकलाय. तू फक्त इथलं सगळं शांतपणे पार पाड.' खाली हात जोडलेले.

संध्याकाळी प्रशांतला दोन्ही दाखवलं.

"सही करून टाक ना," तो म्हणाला. "कोण वाचतंय ते?"

"मी वाचलंय."

"अगं, दोघांचा व्हिसा आहे."

"माहीत आहे."

"मग?"

तो चुकीचं बोलत नव्हता. मी त्या खोलीत का गप्प बसले, हे मात्र हळूहळू कळत होतं. गोऱ्या माणसापुढे आपली भांडणं काढायची नाहीत, असा इथल्या मराठी लोकांत एक अलिखित कायदा आहे. मी तो पाळला. चार वर्षं पाळत होते. तो कुणी केला, असं कधी विचारलं नव्हतं. त्यात कुणाचं झाकलं जातं, हेही नाही.

बुधवारी सकाळी, ऑफिसच्या वेळेत, माझ्या डेस्कवर बसून मी दुरुस्ती लिहिली. रोज दोष नोंदवते तशीच. अपेक्षित काय होतं, प्रत्यक्षात काय घडलं. दादांचं वाक्य आधी देवनागरीत, जसंच्या तसं. खाली इंग्रजीत. 'तुमचे लोक' म्हणजे कोण आणि 'सवलती' म्हणजे कुठल्या, यावर दोन ओळी. शेवटी एक: मी आभार मानले ही नोंद बरोबर आहे, ते मी मागे घेते. पाठवला मेल.

वीस मिनिटांत दादांचा फोन.

"अगं, हे काय करून बसलीस? चेष्टेत बोललो मी!"

"चेष्टा क्लेअरला का नाही सांगितलीत?"

"तिला काय कळणार त्यातलं? हे बघ, आपल्यातलं आपल्यात ठेवायचं असतं."

"आपल्यात म्हणजे कुणात, दादा?"

त्यांनी फोन ठेवला.

चौकशी झाली. हेतू सिद्ध होत नाही, असं पत्र आलं. माझी दुरुस्ती नोंदींना परिशिष्ट म्हणून जोडली. नोकरी गेली ती गेलीच. इल्फर्डहून कुणाचा फोन आला नाही. प्रशांत दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझा सीव्ही घेऊन बसला, स्पेलिंगं तपासायला.

काल मुलाखत झाली, व्हिडिओवर. समोर हेलन नावाची बाई आणि एक मराठी गृहस्थ. पाऊण तास इंग्रजीत प्रश्न विचारले. सगळी उत्तरं आली. शेवटी गृहस्थ खुर्चीत रेलले आणि एकदम मराठीत, अगदी मायेनं म्हणाले, "नागपूरच्या ना तुम्ही? नागपुरात नेमक्या कुठल्या? आणि आडनाव असं, म्हणजे मूळ गाव कुठलं?"

आपल्याकडे हा प्रश्न हवापाण्यासारखा विचारतात. हेलन हसून बघत होती. दोन मराठी माणसं गावच्या गप्पा मारतायत, तिला छान वाटलं असावं.

मी तिच्याकडे बघून इंग्रजीत बोलले. सांगितलं की हे माझा मोहल्ला आणि आडनावावरून मूळ गाव विचारतायत, आमच्याकडे जात कळते ती अशी. मोहल्ला इंदोरा. आम्ही बौद्ध, आधीचे दलित. हे सांगायला मला अडचण नाही. तुमच्या यादीत हा कितवा प्रश्न आहे, तेवढं सांगा.

हेलननं खरोखर समोरचा कागद बघितला. गृहस्थांनी चष्मा काढला आणि पुसत बसले.

साठातले एकवीस दिवस उरलेत. ही नोकरी मिळेल असं वाटत नाही. उद्या आणखी दोन मुलाखती आहेत, त्यातल्या एकीच्या पॅनेलवरही मराठी नाव आहे. विचारलं तर पुन्हा सगळ्यांसमोर सांगीन. नागपूरला परत जावं लागलं तर तिथल्या मुलाखतीतही सांगीन. मला घेणाऱ्यानं मी कोण ते कळून घ्यावं. नाकारणाऱ्यानंही कळूनच नाकारावं, आणि तसं लिहून द्यावं.