आज्ज्याच्या खिशातला गूळ

आमच्या आज्जीची तीन बाळं गुळापायी गेली.

हसू नका. तिला स्वतःला बी हे कळाय लय वर्सं लागली.

आज आज्जीला जाऊन वरीस झालं. मी माणसांत बोलत न्हाई, तुमाला म्हाईतच हाय. नववीत शाळा सोडली ती बी वर्गात उभं राहून बोलाय लागतंय म्हणून.
पण आज हितं ग्रुपवर लिवणार. सकाळधरनं तीनदा लिवलं आन डिलीट केलं.

हे एकोणीसशे सत्तरच्या पुढचं.
आज्जा साताऱ्यात छापखान्यात कंपोझिटर हुता. शिशाची बारकी अक्षरं, खिळे म्हणायचे त्यास्नी. एक एक उचलून वळी जुळवायच्या. दिवसभर. हात काळेकुट्ट.

चारच्या टायमाला मालक समद्यांना गुळाचा खडा द्यायचा. गुळानं अंगातलं शिसं उतरतं म्हणं.

आज्जा अर्धा तिथंच खायचा, तसल्याच हातानं.
अर्धा शर्टाच्या खिशात.
बायकोला.

"खा, ताकद येतीया."
"आवं, ह्यो काळा का दिसतोय?"
"काळाच गूळ चांगला असतोय, येडे."

तीनदा दिवस गेले.
तीनदा पोट पडलं.

आज्ज्याची आय म्हणाय लागली, "हिच्यात राम न्हाई. कोरेगावात एक पोरगी बघून ठेवलीया मी."
बायकांनी हळदीकुंकवाला बोलवायचं बंद केलं.
आज्जी मला म्हणली, "चुलीपाशी बसून रडायची आन त्योच गूळ खायाची. तेवढंच ग्वाड हुतं बघ मला."

पोरगी बघाय जायचं ठरलं आन त्याच आठवड्यात आज्ज्याच्या पोटात जोराची कळ आली. आज्जीनं सरकारी दवाखान्यात नेलं.

तिथल्या नर्सबाईनं तोंड उघडाय लावलं. हिरडीवर निळी रेघ.

"काय काम करता?"
"छापखान्यात असतो."
"मुलं किती?"
आज्जीच बोलली, "न्हाईत. माज्यात दोष हाय, बाई."
"कुणी सांगितलं? ह्यांच्या अंगात शिसं भरलंय. त्यानं पुरुषाचं बीजसुद्धा बिघडतं. तुम्ही पण छापखान्यात जाता का?"
"न्हाई वो. हे तिथनं गूळ आणत्यात, तेवढाच खाते."

बाईनं आज्ज्याचा खिसा उलटा केला.
गुळाला चिकटल्याली काळी भुकटी.

"हेच खाताय तुम्ही. पोटातल्या बाळाला जातं हे."

आज्ज्यानं घरी येऊन ब्लेडनं खिसा उसवला.
मग आयला म्हणला, "कोरेगावला जायाचं न्हाई. खोट माज्या कामात हाय, तिच्यात न्हाई."

छापखाना सुटला. सातारा बी सुटला. इस्लामपुराकडं येऊन म्हशी घेतल्या.
चार वर्सांनी माजा बाप जन्मला.

आज्ज्यानं परत कवाच खिशाचा शर्ट घातला न्हाई. आमी चिडवायचो, "आज्जा, मोबाईल कुठं ठेवणार?"
"हातात. हात दिल्यात की देवानं."
का ते आज्जीनं मला एकटीलाच सांगितलं. शेवटच्या आजारात.

तवाच सांगायचं कारण, माजा दादा ब्याटरीच्या दुकानात हाय. जुन्या ब्याटऱ्या फोडून शिसं वितळवत्यात तिथं. आन तवा वहिनीचं पहिलं नुकतंच पडलं हुतं.

आज्जी म्हणली, "दादाला सांग. कापडं तिथंच बदलायची, आंग धुवून घरी यायचं. जमलं तर कामच सोड म्हणावं. तू सांग गं, मी काय आता उठत न्हाई."
मी "व्हय" म्हणले.
दोन दिवसांनी ती गेली.

मी वरीसभर सांगितलं न्हाई.
थोरल्या भावासंगं असलं कसं बोलायचं? लाज वाटली. उद्या सांगू, उद्या सांगू.

वहिनीला परत दिवस गेल्यात.
काल ती दादाचा शर्ट दारात झटकत हुती. मी समोरच उभी. तोंडापतूर आलं.
"चहा ठेवू का?" म्हणले.

वहिनी, रागवू नगंस, समद्यांच्या म्होरं लिवलं. माज्याच्यानं दुसरं काय हुईना.

दादा, तू जेवणाच्या सुट्टीत फोन बघतोस. हे वाच. आज शर्ट तिकडंच सोड. दवाखान्यात तू बी जा, एकट्या वहिनीला पाठवू नगं.
आन घरी आल्याव मला इचार. मी तोंडानं सांगते. खरंच सांगते.

आज्जी, लय उशीर केला गं मी.
निरोप दिलाय. आता निवांत ऱ्हा.