तांबड्या शाईचे कागद आणि मुगवड्यांच्या पुड्या

चहा गार होऊ देऊ नका, घेता घेता वाचा. जन्मभर मी इतरांच्या चुका दाखवल्या. आता एक माझी स्वतःची सांगते, म्हणजे हिशेब सरळ होईल.

माझी नात मुक्ता आमच्या चिखलीतच महाविद्यालयात शिकते. पदवीचे तिचे हे शेवटचे सत्र. त्यात एक नवा सक्तीचा विषय आला आहे, लेखनाचा. त्याला परीक्षा नाही. एकच निबंध लिहायचा, सरांना दाखवायचा, सर तांबड्या शाईने शेरे मारणार, मग तोच निबंध पुन्हा लिहायचा, पुन्हा दाखवायचा. असे चार वेळा. शेवटी सगळ्याची फाईल द्यायची. फाईल दिली नाही तर विषय राहिला, आणि विषय राहिला की पदवी अडली.

हे सगळे तिने मला रीतसर सांगितले होते. मी ऐकले ते फक्त "चार वेळा" इथपर्यंत. पुढे मीच बोलत होते. एक निबंध चार वेळा लिहावा लागतो, याचा अर्थ पहिले तीन वेळा तो चुकला, असे मी तिला समजावले. मी जुनी मॅट्रिक. आमच्या वेळी कच्चे पाटीवर होत असे. वहीत यायचे ते पक्केच. वहीवर तांबडी शाई दिसली तर आम्ही ती वही घरी दाखवत नसू.

फाईल देण्याच्या आदल्या दिवशी मुक्ता सकाळीच कॉलेजला गेली. मी तिचे टेबल आवरायला घेतले. वास्तविक मला कोणी सांगितले नव्हते, पण आवरण्यासारखे काही दिसले की मला सांगावे लागत नाही. तिथे तीन फुलस्केप कागद सापडले. अंगावर काटा यावा इतकी तांबडी शाई, वर खाडाखोड, बाण, वर्तुळे.

वरचा कागद मी वाचला. विषय होता, "घरातील एका व्यक्तीचे निरीक्षण". आणि ती व्यक्ती मी. "माझी आजी प्रेमळ, मायाळू व शांत स्वभावाची आहे. तिचे बोलणे मधासारखे गोड आहे." किती सुरेख लिहिले होते पोरीने. आणि त्यावर त्या सरांनी आडवी रेघ मारून बाजूला लिहिले होते, "खरे वाटत नाही. पुन्हा लिहा."

तुम्हीच सांगा, ज्या माणसाने मला कधी पाहिले नाही, त्याने हे कशावरून ठरवावे?

खालचे दोन कागद मी वाचलेच नाहीत. त्यांवर शाई आणखी दाट होती, आणि मला माझ्या नातीची लाज उघड्यावर पाहवेना. मी पहिला कागद घेतला, टाक-दौत काढली आणि एकही खोड न करता तो निबंध सुवाच्य अक्षरात उतरवून फाईलला लावला. मूळ कागद जपून पोथीत ठेवला. मजकूर चांगला होता ना.

राहिले दोन कागद. कागद वाया घालवणे आमच्या घरी चालत नाही. त्याच दिवशी मुगवड्या खडखडीत वाळल्या होत्या. एका कागदाची पुडी केली, ती पलीकडच्या शेवंताबाईंना. दुसऱ्याची केली, ती समोरच्या कमलताईंना. स्वतः नेऊन दिल्या आणि समाधानाने पडले.

चार वाजता मुक्ता आली.

"आजी, इथले कागद?"

"फाईल तयार आहे. बघ."

तिने फाईल उघडली आणि तशीच जमिनीवर बसली. "हे तर तुझं अक्षर आहे."

"सुवाच्य आहे."

"आजी, सरांना माझे खाडाखोडीचे कागद पाहिजेत. मार्क त्याचेच आहेत."

"खाडाखोडीला मार्क?"

"कुठं चुकलो अन् मग कसं सुधारलं, तेच तर बघतात ते. चौथा निबंध मी तिसऱ्यावरून आज लिहिणार होते. उद्या दहाला फाईल द्यायची. तू फक्त मले एवढं सांग, कागद कुठं हायेत?"

एरवी "मले" ऐकले की मी "मला" म्हणून दुरुस्त करते. त्या दिवशी केले नाही. चप्पल पायात सरकवली आणि तिच्याआधी फाटकाबाहेर पडले. जोड जुळवायचे भानही राहिले नाही. घरची चप्पल एका पायात, बाहेरची दुसऱ्या.

शेवंताबाई मूळच्या उंद्रीच्या, शेतकरी घरातल्या. ओट्यावर बसल्या होत्या. शेजारी सून, आणि सुनेच्या हातात तो कागद.

"या बाई, या. वड्या बाजूलेच राहिल्या, आमी तुमचंच वाचून राह्यलो."

"तो कागद चुकून आला. परत द्या."

"देतो ना. पण हे आयका आधी. वाच वं, ते सतरंजीचं."

सून हसू दाबत वाचू लागली. "पाहुणा उठून गेला की आजी तो बसला होता तेवढी सतरंजी झटकते."

"खरं हाय बाई," शेवंताबाई म्हणाल्या. "मी तुमच्या घरून उठली का आमच्या फाटकापर्यंत पोचाच्या आत मले झटकल्याचा आवाज येते. मी म्हनो, काऊन झटकत असतीन? तर हे सगळ्याईलेच हाय. आज जीव हलका झाला माहा."

कागद हातात घेतला तर कडेला सुनेने पेन्सिलीने लिहिले होते, "हेही घाल. वडी लहानमोठी झाली तर मोडून पुन्हा घालतात." तेलकट बोटांचे ठसे वेगळेच.

कमलताई तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाल्या. त्यांच्यापुढे कागद आला आणि त्यांनी शेरा मारला नाही, असे कधी घडले नाही. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला आणि कागद माझ्या हाती दिला. खाली लफ्फेदार सही, आणि वर, "वाचले. वस्तुस्थितीशी जुळते."

"काय जुळते?" मी विचारले.

"तुम्ही वाचला नाहीत?"

तिथेच उभ्याने वाचला. मुक्ताने लिहिले होते, "मी बोलू लागले की आजी 'आमच्या वेळी' म्हणते, आणि मग माझे बोलणे राहून जाते. पण मला ताप आला होता तेव्हा ती तीन दिवस उशाशी बसून होती. तापाचे आकडे तिने सुवाच्य अक्षरात लिहून ठेवले होते. एके ठिकाणी मात्र आकडा फिसकटला होता. त्या वेळी ताप फार चढला होता."

बाजूला त्याच तांबड्या शाईत सरांनी लिहिले होते, "आता आजी दिसली."

मुक्ता मागे उभी होती. "तुला राग आला?"

"फिसकटला नव्हता," मी म्हणाले. "टाक खराब होता."

"आजी."

"बरे, फिसकटला होता. चल, लिहायला बस."

ती लिहायला बसली आणि मी समोर बसून राहिले. एकदाही "आमच्या वेळी" म्हटले नाही. दोनदा ओठांपर्यंत आले, पाण्याबरोबर गिळले. दिवेलागणीपर्यंत निबंध पुरा झाला. पोथीतला पहिला कागदही मी मुकाट्याने काढून दिला.

फाईल वेळेवर गेली. सरांना ती फार आवडली. वर्गात एकाच्याही मसुद्यावर बाहेरच्या वाचकांचे शेरे नव्हते. हिच्यावर पेन्सिलीतला एक, शाईतला एक, आणि मुगवड्यांचा वास. मुक्ता वर्गात पहिली आली. मी पेढे वाटले. पुड्या बांधण्याआधी प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी वाचला.

किस्सा इथेच संपवता आला असता. पण सरांनी मुक्ताबरोबर निरोप धाडला. आजींनी टाक-दौतीने उतरवलेली प्रत पाहिली, अक्षर पाहून आनंद झाला, आता या निबंधाबद्दल त्यांनी स्वतः चार ओळी लिहाव्यात. मी एक स्वच्छ कागद घेतला आणि लिहिले, "मी मुळात शांत आहे. दुसऱ्याचे बोलणे पूर्ण ऐकून मगच बोलते. सतरंजी मी धूळ असेल तरच झटकते."

चार दिवसांनी कागद परत आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या अक्षरावर तांबडी शाई. "अक्षर उत्तम. मजकूर खरा वाटत नाही. पुन्हा लिहा."

तुम्ही आता वाचलात तो माझा चौथा मसुदा. तिसऱ्यापर्यंत दोन पायांतल्या दोन चपला मी लपवून ठेवल्या होत्या.