अजून निघाला न्हाई

खांद्यावरचा पंचा ओढायचा, फरशीवर आपटायचा आणि टीव्हीकडं बोट रोखून म्हणायचं, "असं न्हाई करायचं हुतं ह्येनी!" दर रविवारी सकाळी माझ्या दुकानात हे ठरलेलं असायचं. पंचा आपटला की धूळ उडायची, पुढं बसलेले खोकायचे आणि मी खेकसायचो, "अप्पा, फरशी माझी हाय, मालिकावाल्याची न्हाई." अप्पा पंचा उचलून परत खांद्यावर टाकायचे आणि जरा वेळानं पुन्हा आपटायचे.

नाव सांगत नाही. सगळं संतपूर त्यांना अप्पा म्हणायचं, आणि आमच्या बिदरकडच्या भागात दर दोन-तीन घरांमागं एक अप्पा असतो, तेव्हा नुसत्या अप्पावरून तुम्हाला पत्ता लागायचा नाही. धनगराचं घर. वाडवडील मेंढरं घेऊन पार तेलंगणात उतरायचे. अप्पांच्या हातात कळप आला तोवर पडीक रानं सोयाबीनखाली जायला लागली होती. चारायला जागा उरली नाही तशी मेंढरं विकली आणि हा माणूस दुसऱ्याच्या रानात रोजानं जायला लागला. घोंगडी तेवढी राहिली. ती भर उन्हाळ्यातही अंगावर असायची. मी चिडवलं की म्हणायचे, "आतून गार वाटतंय. तुला काय कळतंय, तारा जोडणाऱ्याला."

माझं दुकान म्हणजे एका शटरमागं तीन धंदे. रेडिओ-टीव्हीची दुरुस्ती, गावाची केबल, आणि कोपऱ्यात काचेची खोली करून बसवलेला एसटीडीचा फोन. अप्पांचा एकुलता एक मुलगा मल्लू हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर गेला, तेव्हा त्याचा फोन इथंच यायचा. मी बोलवायला गेलो की अप्पा चपला न घालता धावत यायचे आणि फोनवर असं ओरडायचे की फोन नसता तरी हैदराबादला ऐकू गेलं असतं. मग एका जत्रेला मल्लू येऊन गेला आणि त्यानंतर त्याचा फोन आला नाही. मुकादमानं सांगितलं, दोघातिघांबरोबर काम सोडून गेला, पुण्याला जातो म्हणत होता, का मुंबईला, नीट ध्यानात नाही. पुढं काहीच कळलं नाही. पोरगं जिवंत आहे का, हे विचारायलासुद्धा कुणी माणूस उरलं नाही. अप्पा कामावरून सुटले की दुकानात येऊन बसायला लागले.

त्याच सुमाराला ती मालिका लागली. एक वैमानिक यान घेऊन अंतराळात जातो आणि तिकडंच हरवतो. दर आठवड्याला नवा ग्रह, नवं संकट, आणि शेवटी तो खिडकीच्या काचेला हात लावून लांबच्या निळ्या ठिपक्याकडं बघत बसायचा. यान कसलं, रंगवलेला पत्राच तो, आणि राक्षसांच्या पाठीवरची चेन उघडी दिसायची. पण गाव खुळावलं. अप्पा सगळ्यात पुढं. त्यांना ग्रहांशी आणि राक्षसांशी काही देणंघेणं नव्हतं. "आज तरी घराकडं वळायलाय का बग," एवढंच त्यांचं म्हणणं.

तो घराकडं वळला नाही. मालिका अशीच मधेच संपली. लोकांनी मला शिव्या घातल्या, जसं काही मीच त्याला वाटेत उतरवलं होतं. आणि कहर म्हणजे पुढच्या वर्षी त्याच मंडळींनी नवी मालिका आणली, ती पुढची नाही, आधीची! यानात बसण्याअगोदर त्याच्या आयुष्यात काय काय घडलं, त्याची. आता तुम्हीच सांगा, माणसं तो घरी कधी पोचतोय म्हणून डोळे लावून बसलीत आणि हे त्याला मागं नेतायत. पहिल्याच रविवारी मी कपाळावर हात मारून घेतला.

एकटे अप्पा खूष.

"बरं केलं की," ते म्हणाले. "आधीचं हाय म्हंजी अजून निघाला न्हाई त्यो."

"पण निघणारच की, अप्पा. आपण बघितलंय की समदं."

"आपण बगितलंय. त्येला कुटं ठावं हाय?"

ही नवी मालिका वाईटच होती. अजूनही माझं डोकं फिरतं. पहिल्या मालिकेत त्याच्या भुवईवर एक व्रण होता, तो कशानं झाला यात दोन रविवार घालवले. जाकीट कुणी दिलं, घड्याळ कुणाचं, कुत्र्याचं नाव तसं का, सगळ्याची उत्तरं. अहो, विचारलं होतं कुणी? शिवाय गोष्ट आधीची, आणि यान नंतरच्यापेक्षा चकाचक. दिवे दुप्पट, बटणं तिप्पट. मी ते सगळ्यांना दाखवून दिलं तर अप्पा म्हणाले, "मग? नवं हुतं तवा चकाकणारच की. तुझं हे टेबल आधी कसं हुतं?" सगळे हसले. माझं टेबल खरंच फार वाईट अवस्थेत होतं.

हायस्कूलचे एक सर यायचे. ते म्हणायचे, हिरो मरत नाही हे आपल्याला ठाऊक आहे, मग भीती कशाची वाटणार? मलाही ते पटायचं. अप्पांची तक्रार वेगळीच. त्या मालिकेत जो तो त्या पोराला सांगत होता की तू लांब जाणार, मोठा होणार. मास्तर सांगायचे, शेजारी सांगायचे, बाप तर आभाळाकडं बघूनच बोलायचा.

"समदे मिळून जल्मापासून धाडायलेत बग त्येला," अप्पा म्हणायचे. "असं नसतंय. जायाचं का न्हाई हे दारात उभारस्तोर माणसाला ठावं नसतंय. ते दावायला पायजे. घरात काय खातो, कुणासंगं भांडतो, कुटं निजतो. आन् मग येका सकाळी निघतो. निघतो तवाबी पाय मागं वडायला पायजेत."

"आणि मग?"

"मग आईनं मागून हाक मारायची."

मी चमकलो. आमच्याकडं निघालेल्या माणसाला मागून हाक मारत नाहीत. डबा विसरला तर पळत पुढं जाऊन हातात देतील, नाहीतर राहू देतील, पण पाठीवर हाक नाही. हाक आली की वाट खोटी होते. अप्पांच्या घरात तर हे फारच कडक होतं, कळप निघाला की बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहायच्या.

"अप्पा, अपशकुन की तो," मी म्हटलं.

"व्हऊ दे! मोडू दे वाट!" पंचा आपटला. "मोडायलाच पायजे. येक हाक मारली तर पोरगं माघारी येतंय आन् ही बाई गप उभारलीया!"

त्यानंतर त्यांनी माझा पिच्छाच पुरवला. मालिका अजून चालू आहे, म्हणजे शेवट व्हायचा आहे, म्हणजे तो बदलता येईल. "फोन लाव त्यांना. तुझ्याकडं फोन हाय की." मी म्हटलं, त्यांचा नंबर मला कुठला ठाऊक? मग एक दिवस ते गच्चीवरच्या माझ्या डिशखाली जाऊन उभे राहिले. वर बघत म्हणाले, "ह्या छत्रीतून सांगता येत न्हाई व्हय?"

"ती नुस्ती घेते, अप्पा. देत न्हाई काही."

"लई वर लाव की मग. उंचावरनं जाईल."

त्यांना कळत नव्हतं असं नाही. उभ्या जन्मात त्या माणसानं कुणापुढं हात पसरला नव्हता, आणि आता माझ्या गच्चीवर पत्र्याच्या ताटलीपुढं उभे होते.  मी म्हटलं, चला, खाली चहा आलाय. चहा आलेला नव्हता, मी नंतर मागवला.

शेवटून दुसऱ्या भागात यान तयार झालं. पोरगं पिशवी घेऊन दारातून बाहेर पडलं. आई उंबऱ्यात. कॅमेरा तिच्या तोंडावर नेला, पोराच्या पाठीवर नेला, परत तिच्या तोंडावर. संगीत तर इतकं की दुकानाचं शटर वाजायला लागलं. अप्पा गुडघ्यावर उठले. "मार की! अगं मार की हाक! काय झालंय तुझ्या जिभंला? जातंय की पोरगं!"

अप्पांची बायको, आम्ही तिला अक्का म्हणायचो, अप्पांना जेवायला बोलवायला म्हणून दुकानाच्या पायरीशी आलेली होती. ती एरवी आत यायची नाही. त्या दिवशी माणसांमधून वाट काढत थेट टीव्हीपर्यंत आली.

"तिला कामून बोलायलाव?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "जत्रा करून मल्लू निघाला तवा मी मारतच हुते की हाक. लिंबापाशी त्यो हळू झालता. तुमी माझ्या तोंडावर हात ठिवलाव."

 टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली होती, ती कुणी बंद केली नाही. अप्पा तसेच गुडघ्यावर होते. तिथूनच म्हणाले, "वाट खोटी व्हऊ नये म्हणून ठिवला गं." मग उठले आणि तिच्या मागून घरी गेले. इतक्या दिवसांत त्या हाकेचा अर्थ मला पहिल्यांदा कळला, आणि वाटलं, न कळता तर बरं झालं असतं.

शेवटच्या रविवारी ते आले नाहीत. तो भाग मी बघितला. पोरगं यानात बसलं. आईनं दार लावून घेतलं. संपलं. इतका खर्च केला मेल्यांनी, आणि त्या बाईच्या तोंडी एक शब्द घालायला त्यांना जमलं नाही.

त्याच आठवड्यात अप्पा घोंगडी घेऊन हैदराबादला गेले. तिथून आले, पुण्याला गेले. जिथं सेंट्रिंगचं काम दिसेल तिथं खाली उभं राहून वर बघत राहायचे. वॉचमन हाकलायचे, मग दुसरी इमारत. एका पोराला पाठमोरं बघून दिवसभर खाली थांबले आणि तो उतरला तर भलताच निघाला. हे सगळं ते मला सांगायचे आणि सांगून झालं की काचेच्या खोलीकडं बघत बसायचे.

टीव्ही बघणं त्यांनी सोडलं. पण आधीची गोष्ट डोक्यातून गेली नाही, उलट ती मागं मागं सरकायला लागली.

"हाक न्हाई, त्येच्याबी आधी चुकलं," एकदा म्हणाले. "मेंढरं इकायची नव्हती. मेंढरं असती तर पोरगं त्यांच्यामागं ऱ्हायलं असतं."

"चारली कुठं असती?"

"मग त्येच्या आधी. माझ्या बापानं नदीकडचं रान सोडलं, तिथं." आणि लगेच म्हणाले, "न्हाईतर मी लगीनच कराया नको हुतं."

अक्का शेजारच्या पायरीवर शेंगा निवडत होती. ती म्हणाली, "मग मी कुटं गेले असते वो?" तिघंही हसलो. हसता हसता अप्पांचे डोळे भरले, त्यांनी घोंगडीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "कुटंतरी येक जागा असलंच की, जिथनं हे समदं नीट झालं असतं. सापडना झालीया मला."

 तुम्हाला सापडली असेल तर तुम्ही भाग्यवान आहात.

पुण्याहून दोनदा परत आले. मग कुणीतरी उडतउडत सांगितलं की मुंबईकडच्या एका पुलाच्या कामावर बिदरची पोरं आहेत. अप्पा तेवढ्यावर निघाले. पावसाळा गेला, सुगी गेली, अप्पा आले नाहीत. मुंबईला असलेल्या आमच्या गावच्या लोकांनी शोधलं, कुठं ठाव लागला नाही. आता मोबाईल आले, माझी काचेची खोली मोडून तिथं रिचार्जचं टेबल टाकलंय. डिश गंजली ती भंगारात दिली.

अक्का अजून त्याच घरात आहे. तुरीच्या दिवसांत रोजानं जाते. परवा दुकानावरून चालली होती. थांबवून चहा दिला. इतक्या वर्षांत मी जे विचारलं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं.

"अक्का, शेवटचे निघाले तवा अडवलं न्हाई व्हय तुम्ही?"

"अडवलं की," ती म्हणाली. "ह्या खेपंला माझ्या तोंडावर हात ठिवायला कुणी नव्हतं. कोपऱ्यापातुर गेल्यावर हाक मारले, सडकंला लागल्यावरबी मारले. समद्या आळीनं ऐकलं."

"मग?"

"मग काय. वळून बगितलं त्यांनी, हात केला आन् गेले." तिनं कप खाली ठेवला. "मल्लूबी तसाच गेला असता रे अण्णा. हाक मारले असते तरी गेलाच असता. पर हे मला तवा कुटं ठावं हुतं? ह्येनी गेल्यावर कळलं, आन् सांगावं म्हणलं तर घरात कुणी न्हाई."