बेलभंडारावर सोडलेलं अपील

चाकणला आमचं कांद्याचं रान होतं. तिथवर गाडी न्यायची एकच वाट, ती माझ्या चुलतदिराच्या रानातून. मालक गेले आणि वर्षाच्या आत त्यानं त्या वाटेवर बाभळीच्या काट्या टाकल्या. एकटी बाई काय करणार, असं वाटलं मेल्याला! मीही खमकी. कचेरीत दावा लावला. पण वहिवाटीचा कागद नव्हता, निकाल माझ्याविरुद्ध गेला. पुण्याला अपील करायचं तर ठरलेल्या मुदतीत करायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी दीर दारात हजर. "वहिनी, भावकीत कोर्टकचेऱ्या बऱ्या न्हाईत. तुमी वर जाऊ नका. सुगीला मी वाट मोकळी करतो."

"मंग बेलभंडार उचला, भावजी."

उचलला की! भैरोबापुढं, गुरवाच्या समोर, बेलाची पानं आणि भंडारा मुठीत धरून शब्द दिला. बेलभंडारावर दिलेला शब्द मोडला तर वंश बुडतो, असं आमच्याकडं म्हणतात. त्यापुढं स्टँपाच्या कागदाची काय पत्रास? मी निर्धास्त झाले, मूर्खासारखी. मुदत सरली. कांदा काढणीला आला, तर काट्या तशाच आणि वर तारेचं कुंपण.

"अवो, देवाला तरी भ्या!"

"देव कचेरीत येतोय व्हय?" असं तोंडावर म्हणाला.

पुण्याचे वकील हुशार. मुदत टळल्यावर अपील करायचं तर आधी साहेबांची परवानगी लागते, आणि उशिराला सबळ कारण दाखवावं लागतं, असं त्यांनी समजावलं. म्हणाले, "तुम्ही विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता, असं लिहू. डॉक्टरचा दाखला मी बघतो." माझ्या अंगाची लाहीलाही झाली. त्यानं देवापुढं खोटं बोलावं आणि मीही तेच करावं? मी साफ नाही म्हणाले. काय तो माझा तोरा!

साहेबांनी अर्ज वाचला. "बाई, त्या दिवसांत आजारी होता का?" त्यांना मदतच करायची होती, हे आज कळतं. वकील दोनदा खोकले.

"न्हाई साहेब. ठणठणीत व्हते." आणि बेलभंडाराची सगळी हकिकत सांगितली.

"लेखी काही आहे?"

"देवापुढं कागद कोण लिवतं, साहेब?"

असं काही घडलंच नाही, असं दीर म्हणाला. साक्षीला आलेल्या गुरवानंही त्याच्याच बाजूनं मान हलवली. अर्ज नामंजूर. कुणाचा वंशबिंश बुडाला नाही; दिराच्या अंगणात आज नातवंडं खेळतात.

दोन सुग्या कांदा पाटीत घालून डोक्यावरून वाहिला, ओढ्यातून, गुडघाभर चिखलात. निम्मा माल रानातच सडला. बायका म्हणायच्या, "तू सत्याला जागलीस गं." चुलीत घाला ते सत्य! एका विषमज्वरावर माझी वाट मोकळी झाली असती.

तिसऱ्या वर्षी रान त्यालाच विकलं. बिनवाटेचं रान दुसरं कोण घेणार?

खरेदीखताच्या वेळी कारकुनानं विचारलं, "बाई, राजीखुशीनं देताय ना? कुणाची जबरदस्ती नाही?" दीर शेजारीच बसला होता.

"न्हाई. राजीखुशीनं देतीय," मी म्हणाले.

कचेरीत मी खोटं बोलले ते तेवढंच. ते मात्र त्यांनी लगेच लिहून घेतलं.