वन्संचं रिकामं कपाट

अख्ख्या सुरत शहरात गुपचूप वाचत बसलेल्या माणसाचा इतका तिटकारा असलेली ग्रंथपाल दुसरी झाली नसेल, आणि ती नेमकी माझी नणंद निघाली. मी जन्माची अबोल. पुस्तक उघडलं की घरात पाहुणे आलेलेही मला कळत नाहीत. वन्संना हे सहन व्हायचं नाही. मी वाचत असले की त्या स्वयंपाकघरातून मुद्दाम लाटणं आपटायच्या, मग दारात येऊन विचारायच्या, "काय झालं गं पुढं?" मी म्हणायचे, "काही नाही, वाचतेय." "ते दिसतंय मला. पण वाचलेलं जातं कुठं? एवढं वाचतेस आणि घरात कुणाला एक अक्षर सांगत नाहीस. हे म्हणजे दार लावून एकटीनं श्रीखंड खाणं झालं." त्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे यजमान, बँकेतून दमून आलेले असायचे. ते वर्तमानपत्राआडून म्हणायचे, "ताई, खाऊ दे की तिला श्रीखंड." त्यावर वन्सं त्यांच्या हातातलं वर्तमानपत्रच काढून घ्यायच्या. "तू तर बातम्यासुद्धा एकटाच खातोस."

वन्संनी लग्न केलं नाही. त्या आमच्याकडेच राहिल्या, किंवा खरं सांगायचं तर आम्ही त्यांच्याकडे राहिलो. नोकरीलाही आम्ही दोघी गोडादऱ्यातल्या महापालिकेच्या एकाच मराठी शाळेत. मी वरच्या वर्गांना मराठी शिकवते आणि त्या ग्रंथालय सांभाळायच्या. ग्रंथालय म्हणजे व्हरांड्याच्या टोकाची एक खोली, एक लोखंडी कपाट आणि एक लंगडं टेबल. आमची मुलं बहुतेक खानदेशातून आलेल्या लूम कामगारांची. घरात अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती. पुस्तकातली मराठी त्यांना घरी आलेल्या पाहुण्यासारखी वाटते. समोर आली की सावरून बसायचं आणि ती कधी जाते याची वाट पाहायची. ह्या पाहुण्याला घरचं माणूस करायचं काम वन्संनी अंगावर घेतलं होतं, आणि ते त्या कुठल्याही पद्धतशीर माणसाला घाम फुटेल अशा रीतीनं करायच्या.

सकाळच्या प्रार्थनेनंतर इतर शाळांत सुविचार सांगतात. आमच्याकडे वन्सं एखादं पुस्तक उघडून मधलंच पान वाचायच्या. आवाज असा की रस्त्यावरचा भाजीवाला गाडी थांबवायचा. कुणी विहिरीत वाकून पाहतोय, आत काहीतरी हललं, आणि तिथंच पुस्तक फटकन मिटायचं. "पुढचं कपाटात आहे. चला वर्गात." मग मधल्या सुट्टीत त्या खोलीपुढे जी झुंबड उडायची तिला रांग म्हणणं म्हणजे रांगेचा अपमान आहे. "बाई, पछी शुं थयुं? सांगा ना!" "मला काय माहीत? मीसुद्धा तिथपर्यंतच वाचलंय," असं त्या धडधडीत खोटं बोलायच्या.

एकदा बी.एड.च्या सरावासाठी आलेल्या एका मुलीनं गोष्ट संपल्यावर मुलांना विचारलं, "यातून आपल्याला काय बोध मिळाला?" वन्संनी तिला खडू आणायला पाठवलं. खडू टेबलावरच होते. ती परत आली तेव्हा तास संपला होता. बिचारी रडवेली झाली, तेव्हा वन्सं तिला म्हणाल्या, "रागावू नकोस पोरी. बोध होतो कधीतरी आपोआप. नाही झाला तरी काही बिघडत नाही. पण तू विचारलास ना, की पोरं पुढच्या गोष्टीत गोष्ट सोडून तोच शोधत बसतात." मग तिला स्वतःच्या डब्यातली कळण्याची भाकरी खायला घातली.

पुस्तक घरी न्यायचा त्यांचा नियम एकच होता, पण कडक होता. गोष्ट घरात कुणाला तरी घरच्या भाषेत सांगायची. पुस्तक परत करताना त्या "काय वाचलंस?" असं कधी विचारायच्या नाहीत. विचारायच्या, "कुणाला सांगितलीस? ते काय म्हणाले?" एका मुलीच्या वडिलांना लूमच्या खडखडाटानं कमी ऐकू येऊ लागलं होतं. ती पोर त्यांना ओरडून गोष्ट सांगायची आणि सगळी चाळ ऐकायची. थोड्या दिवसांनी चाळीतल्या दोन बायका तक्रार घेऊन शाळेत आल्या. आम्हाला वाटलं, आवाजाची असणार. तक्रार अशी होती की काल त्या मुलीनं दार लावून घेतलं, त्यामुळे राक्षस मेला की पळाला ते कळलं नाही. वन्संनी त्या मुलीला बोलावून बायकांसमोर दटावलं, "गोष्ट चालू असताना दार लावायचं नाही. डास आले तर येऊ देत."

पुस्तकं मिळवायची त्यांची रीतही घरच्यांना खाली मान घालायला लावणारी होती. हजीऱ्याच्या एका कंपनीच्या वसाहतीत आमच्या नात्यातले लोक राहतात. त्यांच्याकडे सत्यनारायणाला गेलो की वन्संचं लक्ष पूजेत नसायचं, शोकेसमध्ये असायचं. आरती संपता संपता त्या यजमानीणबाईंना गाठायच्या. "ही पुस्तकं कोण वाचतं?" "मुलांची आहेत हो लहानपणची. आता मुलं पुण्याला." "म्हणजे ही इथं कोंडून पडलीयेत." झालं. प्रसादाचा द्रोण माझ्या हातात आणि पुस्तकांची पिशवी त्यांच्या. परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, "वन्सं, लोक काय म्हणतील?" त्या म्हणाल्या, "काय म्हणायचंय? पुढच्या वेळी शोकेसला कुलूप लावतील. म्हणजे निदान पुस्तकं आहेत एवढं तरी त्यांच्या ध्यानात राहील."

एवढं सगळं करून त्यांचं कपाट मात्र कायम रिकामं. सगळी पुस्तकं मुलांच्या घरी. कपाटात एखादा शब्दकोश आडवा पडलेला आणि कोपऱ्यात वन्संची पाण्याची बाटली. त्यांना ह्याचा केवढा अभिमान! "भरलेलं कपाट म्हणजे नापास वाचनालय," असं त्या येईल त्याला ऐकवायच्या.

हे त्यांनी नको त्या माणसाला ऐकवलं. खोल्यांची पाहणी करायला एक गुजराती साहेब आले होते. शाळेत मोडक्या बाकांना आणि बंद पडलेल्या संगणकांना जागा नव्हती, आणि कुठली खोली रिकामी करता येईल ते साहेब पाहत होते. त्यांनी कपाट उघडलं, बाटलीकडे पाहिलं आणि विचारलं, "बेन, चोपडीओ क्यां छे?"

"घेर गई छे, साहेब," वन्सं आपल्या खानदेशी वळणाच्या गुजरातीत म्हणाल्या. "फरवा गई छे." म्हणजे फिरायला गेलीयेत.

साहेब हसले नाहीत. पुस्तकं नाहीत तर ग्रंथालय कसलं, असा त्यांचा सरळ हिशेब होता. सोमवारी परत येईन, पुस्तकं कपाटात दिसली तर ठीक, नाहीतर खोली बाकांना, असं सांगून ते गेले. मुख्याध्यापक घाबरट पण भले गृहस्थ. ते हात जोडून म्हणाले, "बाई, एक दिवस. एकच दिवस ते कपाट भरा. साहेब गेले की वाटून टाका परत." वन्सं त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "खोली गेली तर मी पुस्तकं डोक्यावर घेऊन बसेन गं. पण पोरांना यायला एक दार हवं असतं." इतक्या हळू आवाजात बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी वर्गावर्गांत जाऊन सांगितलं: सोमवारी साहेब पुस्तकं बघायला येणार आहेत, सगळी परत आणा. मुलांनी घरी जाऊन तसंच सांगितलं. आता आमच्याकडच्या बहुतेक आया घरी साड्यांचं काम करतात. व्यापारी कोऱ्या साड्या देऊन जातो, ह्या लेस शिवतात, टिकल्या आणि खडे चिकटवतात आणि साडी परत देतात. घरात आलेली वस्तू कोरी परत जात नाही, आणि कुणी बघायला येणार असेल तर मुळीच नाही. शनिवार-रविवार दोन्ही दिवस त्या माउल्या पुस्तकांवर बसल्या.

सोमवारी सकाळी पुस्तकं आली. सापांच्या माहितीच्या पुस्तकाला सोनेरी लेस होती. आकाशातल्या ग्रहांवर गुलाबी खडे चमकत होते. थोर पुरुषांच्या चरित्रांना मोत्यांची किनार होती आणि गणिताच्या कोड्यांना गोंडे लोंबत होते. मुख्याध्यापकांनी एक पुस्तक हातात घेतलं आणि ते खाली बसले. "बाई, ही सरकारी मालमत्ता आहे हो!"  वन्संनी सापांवरून हात फिरवला, ग्रहांवरून फिरवला. दारात सजवणाऱ्या आयांचा घोळका निकाल ऐकायला उभा होता. त्यातली एक संकोचून म्हणाली, "बाई, कोरं कसं परत देवानं? लेस लावी दिधी. बेस दिखस ना?" आणि वन्सं जे हसत सुटल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "बेस? अगं, लग्नाला निघाल्यासारखी दिसताहेत! भरा कपाटात, पटकन भरा."

भरली. घाईत, दाबून. साहेब आले, त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या झगमगाटानं क्षणभर डोळे बारीक केले. मग त्यांनी एक पुस्तक ओढलं. ते येईना. जोर लावला तेव्हा अख्खा खण एकसंध बाहेर आला. डिंक ओला होता. सगळी पुस्तकं एकमेकांना चिकटून बसली होती आणि साहेब ती मोळी छातीशी धरून उभे होते. मुख्याध्यापकांनी डोळे मिटून घेतले.

"साहेब, खेचशो नहीं!" दारातून दोन-तीन बायका एकदम ओरडल्या. "लेस निघेल!" त्या आत आल्या, साहेबांच्या हातातली मोळी घेऊन जमिनीवर बसल्या आणि ताणलेल्या दोऱ्यानं एकेक पुस्तक सोडवू लागल्या. साहेबांना चहा आला. ते बसून राहिले, कारण मोजायचं तर पुस्तकं सुटी व्हायला हवी होती. आणि बायकांची तोंडं सुरू झाली. हे माझ्या पोरीनं आणलेलं, ह्यातलं ते अस्वल मध खातं. अगं, ते अस्वल नव्हे, तो सोंग घेतलेला माणूस! माझ्या पोरानं तर अस्वलच सांगितलं. मग तुझ्या पोरानं शेवट वाचलाच नाही! दोघी हमरीतुमरीवर आल्या. साहेबांना अहिराणी अर्धीमुर्धी कळत असावी. त्यांनी कप खाली ठेवला आणि वन्संना विचारलं, "पण बेन, अस्वल के माणस?"

"मला काय माहीत?" वन्सं म्हणाल्या. "ते कपाटात आहे, साहेब."

साहेबांनी वन्संकडे पाहिलं, मग त्या बायकांकडे. पुस्तकं त्यांनी मोजलीच नाहीत. उठताना एवढंच म्हणाले, "ठीक छे. आ बेन छे त्यां सुधी रूम रहेवा दो." ह्या बाई आहेत तोवर खोली राहू द्या. आणि लेस काढून टाका, असंही जाता जाता बजावलं. ती कुणी काढली नाही.

ह्या दिवाळीनंतर वन्सं गेल्या. आजार काही मोठा नाही, असं म्हणता म्हणता तो मोठा झाला. घरात आता लाटणं नीट चालतं. मी दिवसभर वाचू शकते, कुणी अडवत नाही, आणि एका पानावर मी फार वेळ राहते.

तेरावा झाल्यावर शाळेत गेले. मुख्याध्यापक शिक्षकांच्या खोलीत येऊन माझ्यासमोर बसले. खूप वेळ चष्मा पुसत होते. "बाई, बोलायला वाईट वाटतं. पण साहेब म्हणाले होते ना, त्या आहेत तोवर. त्यांची जागा भरतील असं वाटत नाही. आणि ते बाक उघड्यावर कुजताहेत हो."

"मी आहे," मी म्हटलं.

"तुम्ही? पण तुम्ही तर..."

"मला बोलता येतं, सर."

त्यांनी चष्मा घातला, माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून खोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. ती त्यांनी बरोबरच आणली होती. कुणाला द्यायला, ते मी विचारलं नाही.

गुरुवारी माझा पहिला तास झाला. माझा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोचत नाही, म्हणून मुलंच पुढे सरकून बसली. चौथीतली एक मुलगी, शाळेत नवीन, आईवडील भेस्तानहून हल्लीच इकडे राहायला आलेले, ती परत आलेल्या पुस्तकांच्या खणासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, ह्यातलं चांगलं कुठलं?" मी आयुष्यभर वाचत आले, पण लहान मुलांची ती पुस्तकं काही मी वाचली नव्हती. मी तिला खरं ते सांगितलं, "मला माहीत नाही गं. तू वाच आणि मला सांग."

ती कोपऱ्यात जाऊन वाचत बसली. तास संपायला आला तेव्हा येऊन माझ्या गुडघ्याशी उभी राहिली आणि सांगू लागली. मधलं आधी, पहिलं नंतर, राजाचं नाव विसरलेली, अर्धं मराठीत, अर्धं गुजरातीत. घंटा झाली. बाकीची मुलं गेली. ती थांबेना, आणि तिला थांबवावं असं मलाही वाटेना. मी एकदा दाराकडे पाहिलं; तिथं येऊन विचारणारं कुणी नव्हतं. मग पुन्हा तिच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, "हं. मग?"