रिकामी गोफण

भुताखेताचं कुणी सांगायला लागलं की मी त्याला कामाला लावते... दळण आण, लाकडं फोड. मी चौथी शिकलेली, वय सत्तरीच्या पुढं, असलं काही कधी मानलं नाही. तरी हे लिहिते, कारण ते ऐकणारी मी एकटी नव्हते.

औसा तालुक्यात तलावाकाठी आमचं रान आहे. पुतण्या दत्ता हिवाळ्यात तिथं टेंट लावतो. लांबून येणारी पाखरं बघायला लातूर-नांदेडची माणसं मुक्कामाला येतात, भाकरी मी करते. पाखरांसाठी कुणी थंडीत कुडकुडतं, ह्याचं मला आधी हसू यायचं. आम्ही जन्मभर पाखरं हाकलली. भोरड्यांचा थवा ज्वारीवर उतरला की तासाभरात कणसं मोकळी.

दत्ताची आई, माझी थोरली जाऊ पारूबाई, ज्वारीतल्या माळ्यावर, चार मेढींच्या मचाणावर, राखणीला बसायची. तिची एक खोड होती. आधी रिकामी गोफण चाबकासारखी तीनदा वाजवायची, थांबायची, मग चौथ्यांदा दगड घालायची.

"आधी सांगावं, मग मारावं," म्हणायची. "पाव्हणी हायेत ती, लई लांबून आलीत."

"मग ताट वाढ की त्येन्ला!" मी म्हणायचे.

पण हात असा, की दगड हव्या त्या धाटावर पडायचा आणि एकाही पाखराला लागायचा नाही. तसा हात मी दुसरा पाहिला नाही. दोन वर्षांखाली ती गेली. गोफण मीच तिच्या उशाला ठेवली. तिच्याबरोबर जळाली.

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या सुनंदाबाई आल्या, शाळेतून रिटायर झालेल्या. "मावशी, भोरड्या सकाळी बाभळीतून उठतात ते जवळून बघायचंय."

मी भाकरी थापता थापता म्हणाले, "मग तळ्याच्या कडंकडंनं जावा की. वळसा कशाला?"

तिथंच चुकले. त्या साली पाणी लवकर हटलं होतं. कडेचा गाळ वरून वाळलेला, आत लोण्यासारखा. आणि मी सांगितली ती जुनी वाट.

सकाळी दाट धुई, चार हातांवरचं दिसेना. बाईंचा टेंट रिकामा, फोन उशाशी. दत्ता तलावाच्या भिंतीकडं हाका मारत पळाला. मी काठाला उभी. दहा पावलांत हाक विरून जायची. त्याच गाळात आमची म्हैस गेली होती, शिंगंसुद्धा राहिली नव्हती. माझ्या तोंडामुळं बाईचा जीव जाणार — एवढंच डोक्यात.

आणि फाट्... फाट्... फाट्.

डाव्या अंगाला. मागं दगडाची घूं नाही. रिकामी.

भोरड्या उठल्या. दिसल्या नाहीत, पण हजारो पंखांचा आवाज डोक्यावरून गेला, वळला, आणि परत तिथंच बसला. पुन्हा तीन आवाज. पुन्हा उठल्या, पुन्हा तिथंच. हाकललेली भोरडी पुढच्या रानात जाते, मी सगळा जन्म हेच बघितलंय. मी काठीनं जमीन चाचपत त्या रोखानं निघाले.

सुनंदाबाई मांडीपर्यंत गाळात, दोन्ही हातांनी बाभळीची फांदी धरून. हातांतून रक्त. मी बोंब मारली, दत्ता दोर घेऊन आला, दोघांनी ओढून काढलं. बाहेर आल्याबरोबर बाई काय म्हणाल्या?

"मावशी, तो फटाफट आवाज कोण करतंय? पाखरं भितात ना!"

मरता मरता काळजी पाखरांची! त्या दिवशी त्या बाईला मी मानलं.

दत्ताला विचारलं, "तू आयकलं का?"

"काय?"

"गोफण."

तो दोर गुंडाळत राहिला. म्हणाला, "काकू, च्या ठिवा."

मी नंतर सगळं शिवार विचारून आले. त्या साली तळ्याकाठी सगळा हरभरा, ज्वारीचं एक धाट नाही. गोफण कुणाच्या घरात उरलेली नाही. धुईत औत धरणारा, चाबूक वाजवणारा कुणी निघाला नाही. सुनंदाबाईंनी वहीत काय काय लिहून बघितलं, त्यांनाही उत्तर सापडलं नाही. मलाही नाही.

ह्या साली मी टेंटाजवळ चार ओळी ज्वारी पेरली. गोफण नवी वळली. भोरड्या बसल्या की आधी तीनदा रिकामी वाजवते. चौथा दगड अजून घातलेला नाही.