भावोजींचा कुत्रा आमच्या घरी

भावोजींनी कुत्रा घेतला तो बंगल्याला शोभेल म्हणून. कोरमंगलात तेव्हा नवे बंगले उठत होते आणि प्रत्येक फाटकावर कुत्र्यापासून सावध राहण्याची पाटी असे. भावोजींकडे आधी पाटी आली, मग कुत्रा. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही. पाटी ठोकताना मी तिथे उभी होते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. मूळचे पुण्याचे. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मोठे साहेब. आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळुरातले मराठी. आमच्या बोलण्यात 'थोडं'साठी कन्नड 'स्वल्प' येतं, 'बरं'साठी 'सरी' येतं, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नाही. भावोजींना मात्र त्याची फार मौज वाटायची. आमच्याकडे जेवायला बसले की अप्पांना मुद्दाम विचारायचे, "अप्पा, भात स्वल्प घेणार का?" आणि स्वतःच हसायचे. अप्पाही हसायचे, कारण जावई हसला की सासऱ्यानं हसायचं असतं. मी हसत नसे. मी कॅन्टोन्मेंटला बँकेत नोकरी करत होते, लग्न केलेलं नव्हतं, आणि लोकांच्या विनोदांना हसणं हे माझं काम आहे असं मला कधी वाटलं नाही.

कुत्रा अल्सेशियन होता. पिल्लू असताना तो पाहुण्यांच्या मांडीवरून मांडीवर फिरला. मोठा झाला, केस गळायला लागले, तसा त्याला मागच्या गच्चीत बांधला. कधीमधी घरात सोडला की तो जे तोंडाला येईल ते कुरतडायचा. भावोजींनी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला बडवून पाहिला. अक्कानं खुर्च्यांच्या पायांना लाल तिखट चोळलं. त्यानं घरातली माणसं शिंकून बेजार झाली आणि कुत्र्यानं खुर्च्या तिखटासकट खाल्ल्या.

मग एका रविवारी त्यांची गाडी के. आर. पुरमला आमच्या दारात थांबली. मागच्या सीटवर कुत्रा होता. तेव्हा तो चांगला चार वर्षांचा घोडा झाला होता.

"थोडे दिवस ठेवा, अप्पा," भावोजी म्हणाले. "आमच्याकडे नवा लेदरचा सोफा आलाय. यू नो, रिस्क नको."

"आणि आमच्याकडे?" मी विचारलं.

त्यांनी आमच्या बैठकीच्या खोलीत नजर फिरवली. "तुमच्याकडे तसं बिघडण्यासारखं काय आहे?"

ते हे अगदी सहज बोलले. त्यांना आपण काही वाईट बोललो असं वाटलंसुद्धा नाही. अक्का खिडकीतून बाहेर पाहत राहिली. अप्पा म्हणाले, "सरी, राहू दे," आणि कुत्र्याची साखळी हातात घेतली.

मला कुत्र्यांचं प्रेम नव्हतं, आजही नाही. हा कुत्रा तर देखणा आणि मठ्ठ होता. त्याचं इंग्रजी नाव उच्चारताना तोंड वाकडं करावं लागायचं, म्हणून अप्पांनी ते दुसऱ्याच दिवशी सोडून दिलं आणि त्याला नुसतं "अरे" म्हणायला लागले. तो त्यालाही यायचा. कशालाही यायचा.

बिघडण्यासारखं आमच्याकडे काय होतं ते त्यानं आम्हाला दाखवून दिलं. माझ्या बँकेत घालायच्या चपला. अप्पांच्या छत्रीची मूठ. देवापुढचा पाट. उशी, तिचा कापूस आईच्या फोटोच्या हारावर जाऊन बसला होता. शेवटी अप्पांची कवळी. ती खिडकीत वाटीत ठेवलेली असायची. मी बँकेतून आले तेव्हा अप्पा पायरीवर बसले होते आणि त्यांच्या तळहातावर गुलाबी तुकडे होते. त्यांना बोलताही येत नव्हतं. नवी कवळी येईपर्यंत ते मऊ भात आणि सार यांवर राहिले. एकदाही कुत्र्यावर ओरडले नाहीत. ओरडले असते तरी शब्द नीट फुटले नसते म्हणा.

मी भावोजींना फोन केला. ते म्हणाले, "तो तुम्हाला टेस्ट करतोय. त्याला कळलं पाहिजे, बॉस कोण आहे. मी एक माणूस पाठवतो."

तो माणूस आला. खाकी पँट, लष्करी बूट, गळ्यात शिट्टी. आपण पोलिसांचे कुत्रे तयार केले आहेत असं त्यानं चहा यायच्या आत सांगून टाकलं. कुठल्या पोलिसांचे ते नाही सांगितलं. कुरतडलेली छत्री त्यानं मागून घेतली, कुत्र्याच्या नाकाला लावली आणि "नो! नो!" म्हणत त्याच छत्रीनं त्याच्या पाठीत सपासप फटके हाणले. छत्री कुरतडून तेव्हा आठवडा होऊन गेला होता. कुत्रा जमिनीला चिकटला, कान मागे गेले, आणि आमच्या फरशीवर त्याच्याखालून ओघळ वाहायला लागला.

"बघा, गिल्टी आहे," तो माणूस म्हणाला. "त्याला सगळं समजतं."

"पुरे," अप्पा म्हणाले. कवळी नव्हती, त्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही. ते उठून कुत्रा आणि त्या माणसाच्या मध्ये जाऊन उभे राहिले. मी फाटक उघडून धरलं. जाताना तो मला म्हणाला, "मॅडम, असल्या लाडानंच जनावरं बिघडतात." फाटक लावताना माझ्या मनात आलं, भावोजींनी हा माणूस बरोबर आपल्यासारखा शोधून काढलाय. आवाज मोठा, बूट चांगले, आणि समोरच्याला काय होतंय याचा पत्ता नाही.

त्या मारामुळे एक फरक पडला. आतापर्यंत कुत्रा वस्तू सापडेल तिथेच कुरतडायचा. आता तो वस्तू पळवून पलंगाखाली नेऊन कुरतडायला लागला.

शेवटी आम्ही त्याला सरकारी जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी त्याचा जबडा उघडून दात पाहिले, हिरड्या दाबल्या, पोट चाचपलं.

"पिल्लू असतं तर दात येताहेत म्हटलं असतं," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या. "याला तर काहीच झालेलं नाही. रोज फिरायला कोण नेतं?"

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं, मी अप्पांकडे.

"आधी गच्चीत बांधलेला असायचा," अप्पा म्हणाले. "आमच्याकडे घरात-अंगणात मोकळा असतो."

"म्हणजे कुणीच नाही. घरातून सगळे बाहेर पडले की जास्त कुरतडतो ना?"

हे मात्र खरं होतं. मी बँकेत आणि अप्पा पेन्शनच्या किंवा भाजीच्या कामाला गेलेले असले की घोटाळा व्हायचा. अप्पा घरी असतील त्या दिवशी सहसा काही होत नसे. आणि तो घ्यायचा त्या वस्तूही आमच्या हातातोंडाच्या, अंगाच्या वासाच्या. हे आमच्या डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही ते पाहिलं नव्हतं.

बाईंनी चार गोष्टी सांगितल्या, त्याही घाईघाईत, कारण मागे एक गाय उभी होती. त्याला दमेपर्यंत चालवा. चावायला त्याचं स्वतःचं काहीतरी द्या. जुनी चप्पल देऊ नका, जुनी कुठली नि नवी कुठली हे त्याला कसं कळणार? नको ती वस्तू तोंडात दिसली तर मागे धावू नका, दुसरं काहीतरी चांगलं दाखवा आणि ती सोडवून घ्या. आणि मागाहून मारू नका, कशासाठी मारलं हे त्याला कळत नाही, फक्त तुम्ही मारता एवढं कळतं.

अप्पा दुसऱ्या दिवसापासून पहाटे त्याला तळ्यापर्यंत न्यायला लागले. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्यांना पहाटे जाग यायची आणि करायला काही नसायचं. पहिले काही दिवस कुत्र्यानंच त्यांना फिरवलं. ते घामाघूम होऊन परतायचे, धोतराला चिखल लागलेला. मग हळूहळू दोघांची चाल जुळली.

चावायच्या वस्तूचा प्रश्न अवघड होता. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. बाईंनी मात्र मोठं, कच्चं हाड सांगितलं होतं, शिजवलेल्याची कुसळं होतात म्हणून. तर माझे वडील, जन्मभर सोवळ्यातला स्वयंपाक जेवलेले, कापडी पिशवी घेऊन स्टेशनजवळच्या मटणाच्या दुकानी जाऊन उभे राहिले. मी पलीकडे बसस्टॉपवर होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि दुकानदाराला हळूच म्हणाले, "अण्णा, एक हाड. स्वल्प मोठं."

"सूपसाठी का, सर?"

"नाही, नाही! कुत्र्यासाठी!" अप्पा एवढ्या मोठ्यांदा म्हणाले की सगळा बसस्टॉप वळला.

ते हाड पेरूच्या झाडाखाली द्यायचं, घरात आणायचं नाही, असा नियम झाला. हाडं नसतील त्या दिवशी जाड दोराच्या गाठी. आम्हीही सुधारलो. चपला कपाटात गेल्या, छत्री खुंटीवर, नवी कवळी डबीत आणि डबी फडताळात. बाहेर पडताना आधी आम्ही दोघं त्याचा निरोप घेतल्यासारखे बोलत बसायचो, ते बंद केलं. त्याला एकटं राहायची सवय व्हावी म्हणून सुरुवातीला अप्पा नुसते कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत, मग दुकानापर्यंत, मग पार मार्केटपर्यंत. परत आल्यावर लगेच लाड नाहीत. मध्ये एकदा मी माझी पर्स खुर्चीवर विसरले आणि तिचा पट्टा गेला. मी ओरडणार होते, पण मग पोळीचा तुकडा दाखवून उरलेली पर्स सोडवून घेतली. मी त्याच्यावर रागावले नाही. स्वतःवरही फारशी नाही.

पावसाळा संपेपर्यंत त्याचं घरातल्या वस्तू कुरतडणं थांबलं. एवढंच होतं सगळं. रोज चालणं, चावायला हाड, आणि घरी कुणीतरी परत येतं याची खात्री. एवढ्याशा गोष्टीसाठी शिकल्यासवरल्या माणसानं तिखट, मार आणि शिट्टीवाला गडी वापरला होता, आणि चार वर्षांत एकदाही साखळी हातात धरून रस्त्यावर जायचं त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

कुत्रा सुधारला हे अक्काकडून भावोजींना कळलं आणि ते लगेच आले. त्यांच्या कंपनीचे परदेशी साहेब सपत्नीक जेवायला यायचे होते, आणि त्या बाईंना म्हणे कुत्रे फार आवडतात.

"ग्रेट जॉब, अप्पा," ते म्हणाले. "आता मी नेतो त्याला."

त्यांचाच कुत्रा होता, काय बोलणार? अप्पांनी हाड कागदात बांधून दिलं आणि पहाटे फिरवायचं, बांधून ठेवायचं नाही, सगळं समजावून सांगितलं. भावोजी घड्याळाकडे बघत "हो, हो" म्हणाले. ते हाड आमच्याच फाटकाबाहेर त्यांनी टाकलेलं मला नंतर सापडलं. गाडीला वास लागला असता ना.

पुढचं अक्कानं सांगितलं. कुत्रा आठवडाभर गच्चीत बांधलेला होता. पाहुणे आले त्या संध्याकाळी त्याला आंघोळ घालून, गळ्यात रेशमी पट्टा बांधून बाहेर आणलं. त्या बाईंनी त्याला कुरवाळलं, फोटो काढले. मग सगळे जेवायला आत गेले आणि त्याला एकट्याला बैठकीत सोडलं. जेवून परत येतात तो नव्या सोफ्याचं एक अंग उसवलेलं, आणि त्या बाईंची चामड्याची पर्स त्याच्या पंजात. बाई म्हणे हसल्या. भावोजी नाही हसले.

सकाळी त्यांचा फोन आला. "काय शिकवून पाठवलंत तुम्ही याला? आत्ताच्या आत्ता घेऊन जा, नाहीतर मी सोडून देतो रस्त्यावर."

आम्ही रिक्षा करून गेलो. भावोजी दारातच उभे होते आणि इंग्रजीत बोलत होते, म्हणजे रागावलेले होते. कुत्रा गच्चीत होता, साखळी आखूड केलेली, नाकावर वळ. अप्पांनी वाकून साखळी सोडली. मग ते जावयासमोर येऊन उभे राहिले.

"तुम्ही आमच्याकडे या," अप्पा शांतपणे म्हणाले. "सणाला या, जेवायला या. याला मागायला येऊ नका."

अक्का स्वयंपाकघराच्या दारात होती. आम्ही निघालो तेव्हा ती रिक्षापर्यंत आली आणि कुत्र्याच्या पाठीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली. नवऱ्याविरुद्ध ती पुढेही कधी काही बोलली नाही. मला तिच्या या गप्प बसण्याचा राग यायचा आणि अजूनही येतो, पण तेव्हापासून ती अधूनमधून रविवारी एकटीच बस बदलत के. आर. पुरमला यायला लागली आणि अप्पांबरोबर तळ्यावर जाऊन यायला लागली.

घरी आल्यावर काही दिवस कुत्रा पुन्हा पलंगाखाली जाऊन बसला आणि अप्पांच्या पंच्याचं टोक खाल्लं. मग सरळ झाला. आमच्याकडे तो म्हातारा होईपर्यंत राहिला. शेवटपर्यंत मठ्ठच होता, पडलेल्या नारळावर भुंकायचा.

भावोजींनी नंतर मासे पाळले. दिव्यांची काचेची मोठी पेटी, आत निळे दगड आणि बुडबुडे. आलेल्या प्रत्येकाला ती ते दाखवायचे आणि माशांच्या जाती इंग्रजीत सांगायचे. पाणी कोण बदलतं हे मी विचारलं नाही. दर वेळी मासे वेगळे असायचे.